तिचा पेपर, माझं अक्षर

नाशिकची थंडी एकदम येत नाही. आधी गोदावरीच्या पाण्यावर सकाळची वाफ दिसायला लागते. मग रिक्षावाल्यांच्या कानांभोवती मफलर येतात. आणि मग एके दिवशी कामावर जाताना कॉलेज रोडवरच्या चहाच्या टपरीपाशी मुलामुलींचा घोळका दिसतो. एका हातात चहाचा ग्लास, दुसऱ्या हातात झेरॉक्सचा गठ्ठा. कुणी डोळे मिटून आभाळाकडे तोंड करून पुटपुटतंय, कुणी मैत्रिणीच्या खांद्यावरून तिच्या नोट्समध्ये डोकावतंय. तोंडातून वाफ आणि व्याख्या बरोबरच बाहेर पडतायत.

परीक्षा आल्या.

मला आता कुठलीच परीक्षा द्यायची नाही. तरी त्या टपरीवरून पुढे जाताना माझ्या बोटांची टोकं गार पडतात. थंडीनं पडतात असं मी बरोबरच्या बाईंना सांगते, आणि ते काही अगदीच खोटं नसतं. पण तळहाताला जो घाम येतो त्याचं काय सांगायचं?

मी घोटीची. अण्णा, म्हणजे माझे वडील, तिथल्या भाताच्या गिरणीत मशीन चालवायचे. दिवाळीनंतर कापणी उरकली की आमच्या गावाच्या हवेत भाताचा वास भरून राहतो. कोवळा, गोडसर, थोडा धुळीचा. अण्णांच्या भुवयांवर तुसाची पांढरी पूड बसलेली असायची आणि ते संध्याकाळी घरी आले की आई म्हणायची, "आधी तोंड धुवा, म्हातारे दिसताय." बारावीला मला चांगले मार्क पडले. चांगले मार्क पडलेल्या मुलीनं काय करायचं हे गावात आधीच ठरलेलं असतं. मला कुणी जबरदस्ती केली नाही. कुणी विचारलंही नाही. मीही स्वतःला विचारलं नाही. मी नाशिकला येऊन इंजिनिअरिंगला बसले, जसं कुणी समोर आलेल्या एसटीत बसावं.

पहिलं वर्ष रेटलं. दुसऱ्या वर्षी गणिताच्या पेपरला प्रश्नपत्रिका हातात आली आणि काहीतरी झालं. अक्षरं दिसत होती, पण त्यांचे शब्द होईनात. कानात गिरणी सुरू झाल्यासारखा आवाज. छातीवर कुणी बसल्यासारखं. मी वर पाहिलं तर सगळा वर्ग खाली मान घालून लिहीत होता, पेनांची खसखस ऐकू येत होती, आणि माझ्या उत्तरपत्रिकेवर फक्त माझा बैठक क्रमांक होता. मी ती तशीच देऊन बाहेर आले. पुढच्या पेपरला तसंच झालं. पुन्हा बसले तेव्हाही तेच. अभ्यास नव्हता असं नाही. खोलीवर बसून मी तीच गणितं सोडवायचे. हॉलच्या दारात पाय ठेवला की डोक्यातलं सगळं कुणीतरी ओल्या फडक्यानं पुसून टाकायचं.

वर्ष गेलं. आमच्याकडे त्याला इयर डाऊन म्हणतात. बरोबरच्या मुली तिसऱ्या वर्षाला गेल्या, त्यांचे विषय बदलले, त्यांचं हसणंसुद्धा बदललं असं मला वाटायला लागलं. मी मात्र कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत, ज्यांच्याकडे भाड्यानं राहायचे त्या काकूंच्या घरातल्या माझ्या कॉटवर. अण्णा फोनवर एवढंच म्हणायचे, "निघंल पुढच्या टायमाला." ते रागावले असते तर बरं झालं असतं.

अशात एका सकाळी काकूंकडे शेजारच्या वैद्यबाई आल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, कायम कुणाचं ना कुणाचं काम अंगावर घेतलेल्या. मला पाहून म्हणाल्या, "शीतल, तुझं अक्षर छान आहे ना गं? एका मुलीला परीक्षेला लेखनिक हवी आहे. तिला दिसत नाही. ती सांगेल, तू लिहायचं. तू मोकळीच आहेस ना सध्या?"

मोकळीच. तो शब्द असा लागला की नाही म्हणायला तोंडच उघडलं नाही.

लेखनिक व्हायला एक अट असते. लिहिणारा परीक्षा देणाऱ्यापेक्षा खालच्या वर्गातला असावा लागतो. ती मुलगी, हिरा, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती, मी अजून दुसऱ्यातच अडकलेली. माझं वर्ष वाया गेलं म्हणून मी पात्र ठरले. आयुष्यात तेव्हा मी पात्र ठरलेली तेवढी एकच जागा.

हिरा हरसूलकडची. लहानपणापासून नाशिकला अंध मुलींच्या शाळेत राहून शिकलेली, आणि आता मुलींच्या वसतिगृहात. मी मनात एक चित्र घेऊन गेले होते. शांत, सोशिक, हळू बोलणारी मुलगी. खोलीत शिरले तर ती पलंगावर मांडी घालून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती आणि फोनवर कुणाशी तरी जोरजोरात भांडत होती. फोन ठेवून माझ्या दिशेनं मान वळवून म्हणाली, "बस. आधी सांग, अक्षर कसंय? मला काय, दिसणार नाय. पण तपासणाऱ्याला दिसलं पाहिजे."

"बरं आहे," मी म्हटलं.

"बरं म्हणजे कसं? दहावीला सर काय म्हणायचे?"

"मोत्यासारखं म्हणायचे."

"मग तसं सांग ना. बरं काय!" आणि तिनं मूठभर शेंगा माझ्या हातात कोंबल्या.

मग तिनं परीक्षा घेतली माझी. इतिहासाचं एक उत्तर सांगितलं, मी लिहून घेतलं. म्हणाली, वाच. मी वाचायला लागले. दोन ओळी झाल्या आणि तिनं हात वर केला.

"थांब. 'परिणामी' हा शब्द मी नाय बोलले. मी 'म्हणून' म्हणाले."

"अगं, परिणामी जरा बरं वाटतं. मार्क पडतील."

"तुझ्या पेपरात घाल मग." तिचा आवाज एकदम सपाट झाला. "शाळेत एक बाई होत्या माझ्या लेखनिक. फार प्रेमळ. मला येत नसलं की त्या स्वतःच लिहायच्या. पहिली आले मी तेव्हा वर्गात. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला काय वाटलं असंल सांग? टाळ्या कुणाला चालल्यात तेच कळंना. तेव्हापासून माझा नियम हाय. मी बोलले ते लिहायचं. चुकले तर चुकलेलं लिहायचं. जमंल का?"

मी जमेल म्हटलं. माझ्या तोंडात शेंगदाणा होता, तो कसाबसा गिळला.

परीक्षेला थोडे दिवस होते. काही पुस्तकं तिला ऐकायला मिळत नव्हती, ती मी फोनवर वाचून पाठवायला लागले. काकूंच्या गच्चीवर, उन्हात पाठ शेकत, शाल पांघरून मी इतिहास आणि राज्यशास्त्र मोठ्यानं वाचायचे. खाली गल्लीत भाजीवाला ओरडायचा, काकूंचा कुकर शिट्ट्या द्यायचा, ते सगळं त्या रेकॉर्डिंगमध्ये जायचं. हिरा ते दुप्पट वेगानं ऐकायची. एकदा तिच्या खोलीत गेले तर माझाच आवाज साळुंकीसारखा किचकिचत होता आणि ही डोळे मिटून मान डोलवत होती. मला काही म्हणजे काही कळलं नाही. तिनं मात्र त्यातलं पान न् पान सांगितलं, वर म्हणाली, "ती गिलक्यांची गाडी रोज येती का गं तुमच्याकडं?"

त्या गच्चीवर पहिल्यांदा असं झालं की मी वाचत होते आणि ते मला समजत होतं. ते माझ्या परीक्षेचं नव्हतं म्हणून असेल.

पहिल्या पेपरचा दिवस. आम्हाला वेगळी खोली दिली होती, कॉलेजच्या मागच्या अंगाला, सकाळी उन्हाचं तोंड न पाहणारी. फरशीची थंडी चपलेतून वर चढत होती. शाल पांघरलेले एक वयस्कर सर पर्यवेक्षक म्हणून कोपऱ्यात बसलेले. घंटा झाली. सरांनी प्रश्नपत्रिका माझ्या हातात दिली.

आणि कानात गिरणी सुरू झाली.

मला वाटलं होतं, ही माझी परीक्षा नाही, मला काही होणार नाही. शरीराला काय कळतं, कुणाची परीक्षा आहे ते! हातातला कागद वाजायला लागला. मी तोंड उघडलं, पण वाचताच येईना. समोर हिरा हातावर हात ठेवून वाट बघत होती. तिचं वर्ष माझ्या जिभेवर अडकलं होतं.

"काय झालं?" तिनं विचारलं.

मी कागद बाकावर ठेवला.

"सर, हिला पाणी द्या बरं जरा." मग माझ्याकडे झुकून, पण सरांना ऐकू जाईल अशाच आवाजात ती म्हणाली, "शीतल, पेपर माझा हाय. नापास झाले तर मी होणार. तुला कशाला घाम फुटलाय?"

सर खोकले. मला वाटतं ते हसले असावेत. मलाही हसू आलं, हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, आणि श्वास जरा मोकळा झाला. "पैला प्रश्न वाच," हिरा म्हणाली, "आन त्याच्यापुढचं बघूच नको. तिथं हात ठेव." मी खालच्या प्रश्नांवर तळहात ठेवला. पहिला वाचला. ती सांगायला लागली, संथ, एकेक वाक्य तोडून. मी लिहायला लागले. कानातली गिरणी कधी थांबली ते कळलं नाही. तिला जादा वेळ मिळायचा, तो संपेपर्यंत खिडकीतून उन्हाची एक तिरीप भिंतीवर येऊन बसली होती.

असे पेपर होत गेले. मग राज्यशास्त्राचा पेपर आला. एका मोठ्या प्रश्नावर हिरा अडखळली. बोटांनी बाकाची कड चाचपत राहिली. मग तिनं उत्तर सांगायला सुरुवात केली, आणि ते चुकीचं होतं. दोन तरतुदींची तिनं अदलाबदल केली होती. मला ते माहीत होतं. मीच तर ते गच्चीवर मोठ्यानं वाचलं होतं. सर खिडकीबाहेर पाहत होते. एक शब्द. नुसतं "हं?" म्हटलं असतं तरी तिच्या लक्षात आलं असतं, इतके तिचे कान तिखट.

माझं पेन थांबलं.

"लिहितेस ना?" तिनं विचारलं.

"हो," मी म्हटलं, आणि तिनं सांगितलं ते, तसंच्या तसं, मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं. आयुष्यात इतकं जड काही मी लिहिलेलं नाही.

बाहेर पडल्यावर आम्ही मिसळ खायला गेलो. रस्सा ओतता ओतता मला राहवलं नाही. "हिरा, ते तुझं उत्तर चुकलं."

"वाटलंच मला." तिनं पाव मोडला. "तू पेन थांबवलंस ना, तेव्हाच कळलं."

"मग बदललं का नाहीस?"

"तू थांबलीस म्हणून बदलायचं? मग ते तुझंच झालं की." पाव रश्श्यात बुडवत ती म्हणाली, "पण सांगितलं नाहीस हे बरं केलंस. सांगितलं असतंस तर उद्यापासून नको म्हणाले असते तुला. खरंच सांगते."

कांदा तिखट होता. आम्ही दोघी नाक पुसत राहिलो.

परीक्षा संपल्यावर तिनं मला बरोबर हरसूलला नेलं. एसटी घाट चढत गेली तशी थंडी बदलली, शहरातली कोंदट थंडी जाऊन काटेरी, स्वच्छ थंडी आली. बाजाराचा दिवस होता. नागली, उडीद, वाळलेल्या मिरच्या, चुलीच्या धुराचा वास. हिरा माझ्या कोपराला धरून चालत होती, आणि कुठल्या दुकानापाशी वळायचं ते तीच मला सांगत होती. घरी तिच्या आईनं नागलीची भाकरी आणि खुरासणीची, म्हणजे कारळ्याची, चटणी वाढली. भाकरी मोडता मोडता तिनं मला विचारलं, "तू काय शिकतीस, बाय?"

"इंजिनिअरिंग," म्हणायला तोंड उघडलं, आणि भलतंच बाहेर आलं. "मला जमत नाहीये, मावशी. मला ते सोडायचंय."

हे मी तोपर्यंत कुणालाच बोलले नव्हते. स्वतःलाही नाही. चुलीतलं लाकूड तडतडलं. हिरा चावायची थांबली. तिची आई म्हणाली, "घरी सांगितलंस का?"

"नाही."

"मंग हितं रडून काय उपेग? ज्यायला सांगायचं त्यायला सांग. भाकर घे आजून."

त्या बाईला माझ्या रडण्यापेक्षा तिच्या लेकीची काळजी जास्त होती, आणि ते बरोबरच होतं. बी.ए. झाल्यावर हिचं काय, हा तिच्या तोंडी पुन्हा पुन्हा येणारा प्रश्न. हिरा म्हणायची, "आये, व्हईल काय तरी." पण पहाटे अंगणात शेकोटीपाशी बसलेली असताना तीच हळूच मला म्हणाली, "मला पण भीती वाटती गं. मी फक्त मोठ्यानं बोलते." मी तिचा हात धरला. तिची बोटंही माझ्यासारखीच गार होती.

निकाल लागला तेव्हा तिचाच फोन आला. "उडाले गं एकात. राज्यशास्त्र." मला हुंदका फुटला. माझ्या हातानं लिहिलेलं ते उत्तर डोळ्यांपुढे उभं राहिलं. पलीकडून ती म्हणाली, "तू काय रडतेस? मीपण सकाळी रडून घेतलं. आता परत बसायचंय. येशील ना लिहायला?"

मी गेले. या वेळी ती पास झाली. टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं, वसतिगृहाच्या जिन्यात आम्ही दोघीच. तिनं माझा हात इतका घट्ट दाबला की दुखला.

पुढचं सगळं सरळ झालं असं नाही. हिरा बँकेच्या परीक्षा देऊन बँकेत लागली, आईनं गावभर पेढे वाटले, आणि नंतर तिनंच ती नोकरी सोडली. "दिवसभर लोकांशी गोड बोलून माझं डोकं फिरतं," म्हणाली. आता ती शाळेत इतिहास शिकवते. मी बी.ए. केलं, त्याच जोडीनं मराठी लघुलेखन शिकले, आणि आज न्यायालयात स्टेनोग्राफर आहे. लोक बोलतात, मी लिहिते. कुणी घाबरलेला साक्षीदार अडखळत, गावाकडच्या बोलीत काही सांगतो, आणि त्याचा शब्द बदलायचा नाही, हे माझ्या हातांना पक्कं ठाऊक असतं. हे काम लहान आहे की मोठं, मला माहीत नाही. सकाळी उठून इथं यावंसं वाटतं. मध्ये असा काळ होता की सकाळ व्हावीशीच वाटत नव्हती, म्हणून मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

भीती गेली का? नाही. बी.ए.च्या प्रत्येक पेपरला ती माझ्याबरोबर हॉलमध्ये आली. फक्त ती आली की मी उठून जायचं बंद केलं. त्या काळात कॉलेजच्या दवाखान्यातल्या एका डॉक्टरबाईंशीही बोलत होते, त्यानं बरंच हलकं झालं. आधीच गेले असते तर, असं वाटतं. तेव्हा पोटात दुखतं म्हणून डॉक्टरकडे जाणं सोपं होतं. हॉलमध्ये सगळं पुसलं जातं, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

पण अण्णांचं सांगायचं राहिलं.

हरसूलहून परतल्यावर मी नाशिकला उतरलेच नाही म्हणा ना, स्टँडवरूनच घोटीची गाडी धरली. घरी न जाता थेट गिरणीत गेले. अण्णा मशीनपाशी होते. एवढ्या आवाजात मी ओरडून सांगितलं, "अण्णा, मला इंजिनिअरिंग सोडायचंय." त्यांना ऐकू गेलं नाही. त्यांनी हातानंच काय म्हणून विचारलं, मग मशीन बंद केलं. एकदम शांतता झाली. हवेत तूस तरंगत होतं. आणि त्या शांततेत मला तेच पुन्हा, आता साध्या आवाजात, म्हणावं लागलं.

"मंग काय करणार?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही अजून."

त्यांनी मशीन पुन्हा सुरू केलं.

घरी ते माझ्याशी बोलले नाहीत. आईशीही जेमतेम. जेवायला बसायचे, ताटाकडे बघत जेवायचे, उठायचे. आई मला म्हणाली, "लय सांगितलं होतं गं त्यांनी लोकांना." मला ते माहीत होतं. गिरणीत भात घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला अण्णांनी सांगितलं होतं, पोरगी इंजिनिअर होणार म्हणून. आता तेच लोक तेच भात घेऊन येणार होते.

मी निघाले त्या सकाळी धुकं होतं. अण्णा न बोलता माझी बॅग घेऊन स्टँडपर्यंत आले. आम्ही दोघं गाडीची वाट बघत उभे होतो, मधे बॅग. तेवढ्यात त्यांच्या ओळखीचे एक गृहस्थ समोर आले, डोक्याला टॉवेल गुंडाळलेले. माझ्याकडे बघून मोठ्यानं हसत म्हणाले, "काय इंजिनिअरबाई, चालल्या का? किती राह्यलं आता?"

मी जमिनीकडे पाहिलं. मला वाटलं, आता अण्णा म्हणतील, एक-दोन वर्षं. किंवा काहीच म्हणणार नाहीत.

अण्णांनी घसा खाकरला.

"नाय," ते म्हणाले, "ते सोडलं तिनं."

"आं? सोडलं? आन मंग आता?"

अण्णांनी बॅग या हातातून त्या हातात घेतली. धुक्यातून गाडीचे दिवे दिसायला लागले होते.

"आता बघतीया ती," अण्णा म्हणाले. "तिचं ती बघतीया."